विसार देण्याआधी : घरगुंतवणुकीविषयी वाचकांचे प्रश्न

घर ताब्यात न घेता घराच्या व्यवहारातून कमाई करता येते का, असे विचारणारी पत्रे या वेळी अमेरिकेतून आली तशी पुण्याहूनही आली. दोन्हीकडचा कायदा इतका वेगळा आहे की एकाच उत्तरात भागत नाही, म्हणून ती दोन्ही पत्रे लागोपाठ घेतली आहेत. त्यानंतर पहिले घर भाड्यासाठी घेणारे, बँकेच्या लिलावात उतरू पाहणारे आणि सोसायटीत अडकलेले वाचक आहेत.

मी ह्यूस्टनला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, एच-वन-बी व्हिसावर आहे. इथे ‘होलसेलिंग’चे क्लास घेणारे सांगतात की भांडवल नको, कर्ज नको, घरमालकाशी करार करायचा आणि तो करारच पुढे विकायचा. हे खरे आहे का? सुरुवात कुठून करावी?

पद्धत खरी आहे. पण तुमच्या व्हिसावर तुम्ही ती करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण पुढे सांगतो. आधी पद्धत समजून घ्या, कारण पुढे गुंतवणूकदार म्हणून अशाच लोकांकडून तुम्हाला घरे दाखवली जातील.

होलसेलर पडझड झालेले किंवा मालकाला लवकर विकायचे असलेले घर शोधतो आणि ठरावीक किमतीला खरेदीचा करार करतो. करारात हे हक्क दुसऱ्याला देता येतील, असे कलम असते. मग घर दुरुस्त करून विकणारा किंवा भाड्याने देणारा गुंतवणूकदार गाठून होलसेलर त्याच्या नावे हक्क करून देतो आणि मधली रक्कम घेतो. व्यवहार टायटल कंपनीत (मालकी तपासून पैसे आणि कागद यांची देवाणघेवाण करून देणारी कंपनी) पुरा होतो, आणि होलसेलरची रक्कम हिशेबाच्या कागदावर उघड दिसते. ती दाखवायची नसेल तर एकाच दिवशी दोन वेगळे व्यवहार करतात. त्यात मात्र पहिल्या खरेदीचे पैसे काही तासांपुरते का होईना, उभे करावे लागतात आणि दोन्हीकडचा खर्च पडतो.

सगळा खेळ एका आकड्यावर चालतो : दुरुस्तीनंतर घर कितीला जाईल? समजा २,६०,००० डॉलरला. गुंतवणूकदारांचा ठोकताळा असा की त्याच्या ७० टक्के धरायचे, म्हणजे १,८२,०००. त्यातून दुरुस्तीचे ४५,००० वजा केले की १,३७,००० उरतात. होलसेलरला ८,००० हवे असतील, तर मालकाशी करार १,२९,००० च्या वर होता कामा नये. उरलेले ३० टक्के, म्हणजे ७८,००० डॉलर, हा गुंतवणूकदाराचा निव्वळ नफा नव्हे. विक्रीच्या वेळची दलाली आणि खर्च यांत २०,००० च्या आसपास जातात. दीड लाखाचे खासगी अल्पमुदतीचे कर्ज १२ टक्क्यांनी सहा महिने घेतले आणि सुरुवातीला २ टक्के फी भरली, तर १२,००० होतात. मालमत्ता कर, विमा, वीज यांचे ५,००० आणि खरेदीचा खर्च ३,०००. हातात साधारण ३८,००० उरतात, आणि दुरुस्तीत काही निघाले तर तेही त्यातूनच जातात.

ह्यूस्टनमध्ये हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. पहिले म्हणजे, टेक्ससमध्ये विक्रीची खरी किंमत सार्वजनिक नोंदीत येत नाही. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कर-मूल्यांकन कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा आकडा कर आकारण्यासाठी असतो. तो बाजारभाव समजून अनेक नवशिके फसतात. खऱ्या किमती परवानाधारक एजंटांच्या सामायिक यादीत असतात, म्हणून एजंटाची मदत घ्यावीच लागते. तुलनेला घ्यायची घरे गेल्या सहा महिन्यांत विकलेली, अर्ध्या-पाऊण मैलाच्या आतली, त्याच शाळा-विभागातली आणि क्षेत्रफळात वीस टक्क्यांच्या फरकातली असावीत. हमरस्त्याच्या किंवा बायूच्या (संथ ओढ्याच्या) पलीकडचे घर जवळ दिसले तरी तुलनेला घेऊ नये.

दुसरी चूक जमिनीची. ह्यूस्टनची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलतो. दारे चौकटीत अडकतात का, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्या आहेत का, विटांच्या सांध्यांत जिन्यासारखी चीर आहे का, एवढे पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा आकडा लिहूच नये. पाया उचलताना जुन्या ओतीव लोखंडाच्या सांडपाणी नळ्या तुटू शकतात, म्हणून त्या कामाआधी आणि कामानंतर दोन्ही वेळा तपासून घ्याव्या लागतात. शिवाय पूर. २०१७ च्या हार्वे वादळात पाणी शिरलेली कितीतरी घरे पूरनकाशाच्या धोक्याच्या पट्ट्याबाहेर होती. नकाशा पाहाच, पण विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला पुराचा रकानाही वाचा आणि शेजाऱ्यांना विचारा.

कायद्याचे सांगायचे तर टेक्ससने २०१७ मध्येच नियम केला : करारातले हक्क परवान्याशिवाय विकता येतात, पण आपण घराचे मालक नसून फक्त करारातले हक्क विकत आहोत, हे समोरच्याला सांगितले पाहिजे. घर आपलेच असल्यासारखी जाहिरात केली तर ते विनापरवाना दलालीत मोडते. दुसऱ्या राज्यांत पट्टा आणखी आवळला आहे. इलिनॉयमध्ये २०१९ पासून बारा महिन्यांत असे एकाहून अधिक व्यवहार करायला परवाना लागतो. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये, तर साउथ कॅरोलायना आणि पेनसिल्व्हेनिया यांनी २०२४ मध्ये कायदे केले, आणि पेनसिल्व्हेनियात घरमालकाला ३० दिवसांत करार मोडण्याचा हक्क मिळाला. हे कायदे उगाच आलेले नाहीत. खरेदीदार हाताशी नसताना केलेला करार शेवटच्या आठवड्यात सोडून दिला, की सामान बांधून बसलेल्या वृद्ध मालकाचे जे हाल होतात, त्यांतून ते आले आहेत. पत्ते मिळवून सरसकट फोन आणि संदेश करायला क्लासवाले शिकवतात, त्यातही धोका आहे. ‘फोन करू नका’ यादीतल्या क्रमांकांवर किंवा यंत्राने पाठवलेल्या संदेशांवर दर उल्लंघनामागे ५०० ते १,५०० डॉलरची भरपाई मागता येते.

आता व्हिसा. एच-वन-बी तुम्हाला एका कंपनीकडे ठरावीक काम करण्याची मुभा देतो. घरे शोधणे, मालकांशी घासाघीस, खरेदीदार मिळवणे हे सगळे काम आहे, गुंतवणूक नव्हे. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली म्हणून तो फरक मिटत नाही. कंपनीची मालकी चालते, तिच्यासाठी काम केलेले चालत नाही. हीच रक्कम तुमच्या विवरणपत्रात स्वयंरोजगाराचे उत्पन्न म्हणून येणार, त्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागणार, आणि पुढे ग्रीनकार्डच्या वेळी तोच कागद समोर येणार. पत्नीकडे किंवा पतीकडे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावरचा रोजगार परवाना असेल, तर त्यावर स्वतःचा व्यवसाय करता येतो. पण मग काम खरोखर त्यांनीच करायचे.

तुम्हाला मोकळा असलेला मार्ग म्हणजे घर घेऊन व्यवस्थापन कंपनीमार्फत भाड्याने देणे. भाड्याच्या उत्पन्नावर स्वयंरोजगार कर नाही, आणि इमारतीच्या किमतीवर २७.५ वर्षांत घसारा मिळतो, जमिनीच्या किमतीवर नाही. स्वतः राहणार असाल तर दोन ते चार घरांची इमारत घेऊन एका घरात राहायचे आणि उरलेली भाड्याने द्यायची, हा सुरुवातीचा सर्वात भक्कम प्रकार आहे. बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांप्रमाणे नोव्हेंबर २०२३ पासून त्यासाठी ५ टक्के स्वतःची रक्कम पुरते. राहणार नसाल, तर याच प्रकारच्या इमारतीला २५ टक्के लागतात. साडेतीन टक्के रकमेत मिळणाऱ्या, सरकारी विमा असलेल्या एफएचए कर्जाची माहिती अजून जुन्या लेखांत सापडते, पण मे २०२५ पासून ते कर्ज कायम निवासी नसलेल्यांना बंद आहे. पहिल्या सहीआधी इमिग्रेशन वकिलाला एक तास द्या.

पुण्यात असे करता येईल का? एका ओळखीच्या गृहस्थांना कोथरूडचा जुना फ्लॅट ७० लाखांना विकायचा आहे. मी २ लाख विसार देऊन तीन महिन्यांची नोटरी केलेली पावती करून घेतो आणि ७६ लाखांचा खरेदीदार आणतो. मधले ६ लाख माझे. यात काही अडचण?

अडचण मुळातच आहे. अमेरिकेत खरेदीचा करार झाला की खरेदीदाराला त्या घरात एक प्रकारचा हितसंबंध मिळतो, आणि होलसेलर विकतो तो हाच. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. म्हणजे तुमच्या हाती असते ती गृहस्थांनी शब्द पाळावा अशी मागणी. त्यांनी मध्येच ७४ लाखांना परस्पर विकला, तर तुम्हाला कराराच्या पूर्ततेसाठी किंवा भरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागेल.

समजा त्यांनी शब्द पाळला. तरी तुमचे ६ लाख येणार कुठून? ७६ लाख देणारा माणूस बहुधा कर्ज काढणार. त्याची बँक गृहस्थांशी झालेले नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार) मागणार आणि धनादेश त्यांच्याच नावे काढणार. साठेखत ७६ चे झाले तर भांडवली नफ्याचा कर गृहस्थांच्या डोक्यावर ७६ वर मोजला जातो. मग ते तुम्हाला ६ लाख काय म्हणून देणार? इथेच लोक रोखीकडे वळतात, आणि इथेच फसतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतली, तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो.

साठेखत आधी तुमच्या नावे नोंदवायचे म्हटले, तर पुणे महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावे ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ७० लाखांवर ४ लाख ९० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. सहातले पाच लाख वीस हजार तिथेच गेले, आणि पुढचा खरेदीदार पुन्हा त्याचे सात टक्के भरणार. कुलमुखत्यारपत्र घेऊन विकण्याचा जुना मार्गही सुचवला जाईल. मोबदला घेऊन दिलेल्या कुलमुखत्यारपत्राला महाराष्ट्रात खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते, आणि अशा कागदाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. विसारपावती करताना ताबाही घेतला, तर तो कागद मुद्रांकासाठी खरेदीखतच समजला जातो. हे ठाऊक नसल्याने चाव्या घेऊन बसलेले लोक नंतर शुल्क आणि दंड भरतात.

मग सरळ वाट कोणती? दोन आहेत. पहिली : अंतिम साठेखतात तुम्ही ‘मान्यता देणार’ म्हणून तिसरे पक्षकार व्हायचे. गृहस्थांना ७०, तुम्हाला तुमची विसारपावती सोडून दिल्याबद्दल ६, दोन्ही रकमा दस्तात लिहिलेल्या आणि दोन्ही बँकेतून. हे कायदेशीर आहे. पण त्यासाठी गृहस्थांना आणि खरेदीदाराला दोघांनाही तुमचा आकडा दिसतो, आणि विसारपावती पुरेशा मुद्रांकावर, हक्क दुसऱ्याला देण्याच्या कलमासह झालेली असावी लागते. खरेदीदाराची बँक मान्य करील का, हे आधी विचारा. काही बँका अशा दस्तावर कर्ज देत नाहीत.

दुसरी वाट आम्हाला अधिक पटते : उघड दलाली करा. दोन्ही बाजूंनी एकेक टक्का मिळाला तर या फ्लॅटवर दीड लाखाच्या आसपास मिळतात, तेही स्वतःचा रुपया न अडकवता. मालकाकडून लेखी अधिकारपत्र घ्या : किंमत, मुदत, दलाली किती आणि कधी देय. महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेल्या प्रकल्पांतली घरे विकायची असतील, तर एजंट म्हणून नोंदणी सक्तीची आहे आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आहे. नोंदणीविना काम केल्यास दर दिवसाला १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड वाढत जातो.

करार पुढे विकण्याच्या सर्वात जवळचा प्रकार महाराष्ट्रात बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा आहे. बिल्डरकडून नोंदणीकृत करार करून घेतलेला फ्लॅट गुंतवणूकदाराने ठरावीक मुदतीत पुढे विकला, तर पहिल्या करारावर भरलेले मुद्रांक शुल्क दुसऱ्यात वळते होते. पूर्वी एक वर्ष असलेली ही मुदत २०२२ मध्ये तीन वर्षे झाली. मात्र तुम्ही गुंतवणूकदार आहात असा उल्लेख पहिल्या करारातच हवा, तो मागाहून घालता येत नाही. महारेराच्या नमुना करारात आणखी एक कलम असते : बिल्डरला तुम्ही द्यायची सर्व रक्कम फिटेपर्यंत फ्लॅट हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे त्याची लेखी संमती लागते, आणि ती देताना तो किती शुल्क घेणार हे बुकिंगच्या दिवशीच लिहून घ्या. आणि ज्या प्रकल्पात बिल्डरकडेच बरेच फ्लॅट पडून आहेत तिथे हे करू नका. नवा ग्राहक तुमच्याकडे का येईल? बिल्डर त्याला स्वयंपाकघराची फर्निचर-जोडणी आणि हप्त्यांची सवलत देऊ शकतो, तुम्ही देऊ शकत नाही.

नाशिकला शिक्षिका आहे. २५ लाख शिल्लक आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये ६० लाखांचा तयार टू-बीएचके घेऊन भाड्याने द्यावा असा विचार आहे. भाडे २० हजार येईल म्हणतात. हप्ता भाड्यातून निघेल का?

निघणार नाही, आणि किती कमी पडेल ते आजच पाहून घ्या.

घराची किंमत ६० लाख असली तरी घर ६० लाखांत येत नाही. मुद्रांक शुल्क पुरुषाच्या नावे ७ टक्के, तुमच्या एकटीच्या नावे ६ टक्के. निवासी घरासाठी महिलेला ही एक टक्क्याची सवलत आहे, म्हणून ६० हजार वाचवा. म्हणजे ३ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, दलाली ६० हजार, सोसायटीचे हस्तांतरण २५ हजारांपर्यंत, वकिलाचा शोध अहवाल आणि बँकेचे शुल्क मिळून ३५ हजार. जुन्या घराला रंग, नळ, पंखे, गीझर, एखादी गळती यांना दीड लाख धरा. एकूण साडेसहा लाखांच्या वर. शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो खिशातूनच जातो.

अडीच-तीन लाख हाताशी राखून उरलेले घातले तर कर्ज साधारण ४५ लाखांचे काढावे लागेल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३९ हजार. आता भाडे : वर्षात अकरा महिने घर भरलेले धरा, दोन लाख वीस हजार. त्यातून देखभाल महिना अडीच हजार, सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्यास लागणारे), मालमत्ता कर, भाडेकरू बदलताना होणारी दुरुस्ती वजा केल्यावर हातात १ लाख ६५ हजारांच्या आसपास उरतात. सगळा खर्च धरून घर पडले जवळपास ६७ लाखांना, म्हणजे निव्वळ भाडे अडीच टक्के. दरमहा २५ हजार पदरचे घालावे लागतील.

पहिल्या वर्षाचे व्याजच ३ लाख ८० हजार आहे. तुमचे घातलेले २२ लाख ठेवीत सात टक्क्यांनी दीड लाख देत होते, तेही बुडाले. ही वजाबाकी भरून निघायला घराची किंमत दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढली पाहिजे, तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीत येता. काही भागांत वाढते, काही भागांत सात-आठ वर्षे हलत नाही. कराचाही फार आधार नाही. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचे व्याज भाड्यातून वजा होते, पण त्यापुढचा तोटा पगारातून वजा करता येत नाही.

म्हणून हे घर घेऊच नका, असे नाही. पण भाड्यासाठी घेत आहोत ही समजूत सोडा. भाडेच महत्त्वाचे असेल, तर ३० ते ३५ लाखांचा वन-बीएचके पाहा, ज्याला भोगवटा प्रमाणपत्र आहे आणि जिथून कंपन्या किंवा महाविद्यालये पायी अंतरावर आहेत. लहान घराचे भाडे किमतीच्या प्रमाणात जास्त असते आणि ते रिकामे कमी राहते. कर्जही १८ लाखांच्या आत आटोपते. दुसऱ्या मजल्यावरचे, रस्त्याकडचे की मागचे, यावर वेळ घालवण्याआधी पाणी पहा. उन्हाळ्यात सोसायटी महिन्याला टँकरवर किती खर्च करते, हे वार्षिक जमाखर्चात लिहिलेले असते. तो मागा.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे, आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि शहरात नोंदणीचे १,००० रुपये एवढाच खर्च आहे. नोटरी केलेल्या भाडेकरारावर थांबणाऱ्या मालकांचे आम्हाला खरोखर आश्चर्य वाटते.

ठाण्यात बँकेच्या लिलावात बाजारभावापेक्षा स्वस्त फ्लॅट दिसतो आहे. राखीव किंमत ४२ लाख. पहिल्यांदाच बोली लावणार आहे. काय पाहावे?

नोटिशीत ‘प्रत्यक्ष ताबा’ आहे की ‘सांकेतिक ताबा’, हे आधी पाहा. सांकेतिक, म्हणजे फक्त कागदोपत्री, असेल तर आत कर्जदार किंवा भाडेकरू राहत असू शकतो, आणि त्याला बाहेर काढण्याची प्रक्रिया जिल्हाधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यामार्फत होते. महिने जातात. पहिल्या खेपेला सांकेतिक ताब्याच्या घरावर बोली लावू नका.

मग पैशांचे वेळापत्रक. बयाणा साधारणपणे राखीव किमतीच्या १० टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. बोली ४६ लाखांना सुटली, तर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी बयाणा धरून २५ टक्के, म्हणजे साडेअकरा लाख पुरे करायचे. उरलेले साडेचौतीस लाख विक्री पक्की झाल्यापासून पंधराव्या दिवसाच्या आत. मुदत लेखी संमतीने जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत वाढू शकते, पण ते बँकेच्या मर्जीवर आहे. पैसे भरले नाहीत तर साडेअकरा लाख जप्त होतात, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती कायम ठेवली आहे. पंधरा दिवसांत गृहकर्ज हाती पडणे अवघड असते. म्हणून कर्ज आधी तत्त्वतः मंजूर करून घ्या, किंवा पूर्ण रक्कम तयार असल्याशिवाय उतरू नका.

घर ‘आहे त्या स्थितीत’ विकले जाते. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीज, पाणी यांचे आकडे सोसायटीच्या सचिवाकडून आणि पालिकेतून स्वतः लिहून आणा. बँक सांगेल यावर विसंबू नका. कर्जवसुली न्यायाधिकरणात त्या कर्जदाराचा अर्ज चालू आहे का, तेही वकिलाकडून पाहून घ्या. हे सगळे बेरजेत धरल्यावर बाजारभावापेक्षा १५ टक्के तरी स्वस्त पडत नसेल, तर त्या जोखमीला अर्थ नाही, असे आम्हाला वाटते.

डोंबिवलीत जुना फ्लॅट घेतला. सोसायटी हस्तांतरणासाठी १ लाख ‘देणगी’ मागते आहे. द्यावी का?

नाही. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरणाचा अधिमूल्य आकार २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशाने ठरले आहे. त्याशिवाय हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. देणगी, विकासनिधी, रंगकाम अशा नावांनी वरची रक्कम मागता येत नाही. २५,६०० चा धनादेश पत्रासोबत देऊन पोच घ्या. नकार दिला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. भाड्याने देणार असाल तर हेही ध्यानात ठेवा : बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावता येत नाही.

कोल्हापूरला ६५ लाखांचे घर घेत आहे. विक्रेते न्यू जर्सीत असतात, व्यवहार त्यांचे भाऊ कुलमुखत्यारपत्रावर करणार. ५० लाखांवर १ टक्का टीडीएस कापायचा हे ऐकले आहे. तेवढे पुरे ना?

पुरे नाही, आणि ही चूक फार महागात पडते. एक टक्क्याचा नियम विक्रेता भारतात निवासी असेल तेव्हाचा. विक्रेता अनिवासी असेल, तर घर त्याने दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेले असताना दर १२.५ टक्के, त्यावर लागू असेल तो अधिभार आणि ४ टक्के उपकर. आणि किमतीला खालची मर्यादा नाही, घर ३० लाखांचे असले तरी कापावाच लागतो. कमी कापलात तर उरलेला कर, व्याज आणि दंड तुमच्याकडून वसूल होतो. विक्रेते तोवर परदेशात असतात.

कर खरे तर नफ्यावर आहे, पण नफा किती हे तुम्ही ठरवू शकत नाही, म्हणून एरवी पूर्ण रकमेवर कापला जातो. यावर तोडगा विक्रेत्यांच्या हाती आहे : त्यांनी आयकर विभागाकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आणायचे. त्याला काही आठवडे लागतात, तेव्हा साठेखतात त्यासाठी दोन-तीन महिन्यांची मुदत ठेवा आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

कुलमुखत्यारपत्र अमेरिकेत सही झालेले असेल, तर ते तिथे वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का) केलेले आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित केलेले हवे. त्यात विकण्याचा, दस्तावर सही करण्याचा आणि नोंदणीत कबुली देण्याचा अधिकार वेगवेगळा लिहिलेला आहे का, ते वाचा. सहीच्या दिवशी विक्रेत्यांशी व्हिडिओ कॉल करून ते हयात आहेत आणि अधिकार कायम आहे याची खात्री करा, कारण अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सामान्यतः कुलमुखत्यारपत्रही संपते. पैसे भावाच्या खात्यात नव्हे, विक्रेत्यांच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात) भरा.